बॅगेतले काडतूस आणि जाणिवेचा प्रश्न

बजाजनगर (छत्रपती संभाजीनगर) : विमानातून काडतुसे नेता येतात, असे सांगितले तर सर्वसामान्य प्रवाशाचा त्यावर चटकन विश्वास बसत नाही. नखे कापायची कात्री आणि पाण्याची बाटली काढून घेणारी यंत्रणा काडतुसांना परवानगी देते, हे पटणे अवघडच. पण वस्तुस्थिती तशी आहे. ज्याच्याकडे वैध शस्त्रपरवाना आहे, त्याला विमान कंपनीची आगाऊ संमती घेऊन ठरावीक मर्यादेत काडतुसे नोंदवलेल्या सामानातून, म्हणजे विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेतून, नेता येतात. याच्या नेमके उलट चित्र त्याच विमानतळावर, त्याच क्ष-किरण यंत्राखाली पाहायला मिळते. दुसऱ्या एखाद्या प्रवाशाच्या बॅगेच्या कप्प्यात विसरून राहिलेले एकच काडतूस यंत्राला दिसते, आणि त्या प्रवाशाचे विमान तर चुकतेच, पण त्याच्यावर अजामीनपात्र गुन्हाही दाखल होतो. पहिल्या प्रवाशाकडे पन्नास काडतुसे असतात आणि तो निर्धास्त असतो. दुसऱ्याकडे एकच असते आणि त्याची पुढची काही वर्षे कोर्टकचेरीत जातात. या दोघांमधला फरक काडतुसांच्या संख्येचा नाही. तो कागदाचा आहे, आणि त्याहून अधिक त्या माणसाला काय ठाऊक होते याचा आहे. मात्र माणसाला काय ठाऊक होते, हे दाखवणारे यंत्र कोणत्याही विमानतळावर बसवलेले नाही.

हा प्रश्न मुंबई-दिल्लीच्या प्रवाशांपुरता आहे, असे मानण्याचे दिवस गेले. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुट्या भागांच्या शेकडो उद्योगांची वसाहत उभी राहिली. कामगारांच्या निवासासाठी वसलेले बजाजनगर आज मराठवाडा, विदर्भ, खानदेशापासून उत्तर प्रदेश, बिहारपर्यंतच्या माणसांचे गाव झाले आहे. वाळूज शहराच्या पश्चिमेला, तर चिकलठाणा विमानतळ पूर्वेला. सारे शहर ओलांडल्याशिवाय येथल्या माणसाला विमान गाठता येत नाही. तरीही यंत्राच्या चाचणीसाठी निघालेला अभियंता, देयकासाठी दिल्लीला जाणारा कंत्राटदार, हैदराबादला मुलाकडे निघालेले निवृत्त दांपत्य यांना विमानप्रवास आता नवलाचा राहिलेला नाही. दुसऱ्या बाजूला, याच परिसरात परवान्याची शस्त्रेही आहेत. कारखान्यांच्या आणि बँकांच्या दारावर बारा बोअरची बंदूक घेऊन उभे राहणारे माजी सैनिक आहेत, स्वसंरक्षणासाठी रिव्हॉल्व्हर बाळगणारे उद्योजक आहेत, आसपासच्या तालुक्यांत पीकसंरक्षणाच्या परवान्यावर जुन्या बंदुका सांभाळणारी शेतकरी कुटुंबे आहेत. मे २०२५ मध्ये बजाजनगरातील एका उद्योजकाच्या बंगल्यावर मोठा दरोडा पडला, कित्येक किलो सोने-चांदी गेली आणि त्यातील एक संशयित पुढे पोलिसांच्या चकमकीत मारला गेला. अशा घटनेनंतर आपल्याकडेही शस्त्र असावे, असे कुणाला वाटले तर त्यात आश्चर्य नाही. शस्त्र घरात आले की काडतुसे येतात, आणि काडतुसे ही फार लहान वस्तू आहे. ती खिशात राहते, गाडीच्या कप्प्यात राहते, बॅगेच्या अस्तरात जाऊन बसते.

कायदेशीर वाहतुकीचे नियम प्रथम पाहू, कारण त्यांविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या धोकादायक मालविषयक नियमांनुसार प्रवाशाला स्वतःच्या वापरासाठी वेष्टनासह ५ किलोपर्यंत काडतुसे नेता येतात. ती फक्त नोंदवलेल्या सामानातच असली पाहिजेत, पक्क्या वेष्टनात असली पाहिजेत आणि विमान कंपनीने त्यांना मान्यता दिलेली असली पाहिजे. दोन प्रवाशांची मर्यादा एकत्र करून एकाच पेटीत दहा किलो भरता येत नाही. स्फोटक किंवा आग लावणाऱ्या गोळ्यांना मुळीच परवानगी नाही. स्फोटकांच्या वर्गीकरणात ज्यांचा उल्लेख १.४ एस असा होतो, त्या वर्गातील आणि संयुक्त राष्ट्रांच्या यादीतील ००१२ व ००१४ या क्रमांकांची काडतुसेच चालतात. ५ किलो हे वजन वाटते त्यापेक्षा बरेच मोठे आहे. नेमबाजीच्या .२२ बोअरचे काडतूस साडेतीन ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे या मर्यादेत ती हजारावर बसतात. बारा बोअरची मात्र शंभराच्या आसपासच. अर्थात ही वरची मर्यादा झाली. विमान कंपन्या आपल्या नियमांत त्याहून बरीच कमी संख्या ठरवू शकतात आणि ठरवतातही. त्यामुळे तिकीट काढण्याआधी कंपनीला विचारणे, हाच शहाणपणाचा मार्ग.

स्फोटक वस्तू विमानात कशी चालते, हा प्रश्न स्वाभाविक आहे. बंदुकीतून गोळी सुटते तेव्हा तिला वेग मिळतो तो नळीमुळे. दारू पेटली की निर्माण होणाऱ्या वायूला नळीतून पुढे जाण्याखेरीज वाट नसते आणि तो गोळीला ढकलत नेतो. सुटे काडतूस पेटले, तर त्याची पितळी पुंगळी फाटते, आवाज होतो, तुकडे थोड्या अंतरावर उडतात. पण गोळी बंदुकीतून सुटावी तशी सुटत नाही. परिणाम वेष्टनाच्या आतच राहावा, या अटीवर १.४ एस हा वर्ग आधारलेला आहे. म्हणूनच वेष्टनाचा आग्रह इतका काटेकोर असतो. सुटी काडतुसे पिशवीत भरून आणणाऱ्याला कंपनी परत पाठवते, ते लहरीखातर नव्हे.

ही सवलत नसती तर नेमबाजीचा खेळच बंद पडला असता. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. या प्रकाराच्या पात्रता फेरीत गुडघे टेकून, पालथे पडून आणि उभे राहून प्रत्येकी २०, असे ६० नेम धरावे लागतात. त्याशिवाय सरावाच्या गोळ्या वेगळ्या. काडतुसांच्या एका खेपेत आणि दुसऱ्या खेपेत केसभराचा फरक असतो व तो गुणफलकावर दिसतो, म्हणून अव्वल नेमबाज आपल्या रायफलला जुळणारी खेप निवडून तीच सोबत नेतात. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्यासारख्या महाराष्ट्राच्या नेमबाजांची सारी कारकीर्द रायफल-पिस्तूल आणि काडतुसे घेऊन विमानतळांच्या रांगांत उभे राहण्यात गेली आहे. ती मंडळी विमानतळावर तासन्‌तास आधी का पोहोचतात, हे त्यांच्या पेटीतील कागदपत्रांची चळत पाहिली की समजते.

साध्या परवानाधारकालाही याच मार्गाने जावे लागते. काउंटरवर स्वतःहून सांगायचे, परवाना दाखवायचा, शस्त्र रिकामे असल्याची खातरजमा करून द्यायची, शस्त्र आणि काडतुसे वेगवेगळी बांधायची. शिवाय एक बारीक गोष्ट असते आणि बरेच जण तिथेच फसतात. ती म्हणजे परवान्याची भौगोलिक हद्द. काही परवाने जिल्ह्यापुरते, काही राज्यापुरते, काही देशभर चालणारे असतात. महाराष्ट्रापुरता परवाना असलेला माणूस शस्त्र घेऊन दिल्लीच्या विमानात बसला, तर तो परवान्याच्या अटीचा भंग ठरतो. शस्त्र कायद्याच्या कलम ३० नुसार त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे. चिकलठाण्याहून सुटणारे विमान दीड-दोन तासांत परवान्याची हद्द ओलांडते, याचे भान रेल्वे किंवा मोटारीने जाताना जितके राहते तितके विमानात राहत नाही.

अभिनेते गोविंदा यांच्या बाबतीत १ ऑक्टोबर २०२४ रोजी जे घडले, ते या संदर्भात आठवण्यासारखे आहे. पहाटे कोलकात्याच्या विमानासाठी निघण्याच्या गडबडीत परवान्याचे रिव्हॉल्व्हर जागेवर ठेवताना ते हातातून निसटले, गोळी सुटली आणि त्यांच्या पायाला इजा झाली. त्यात घातपात नव्हता. परंतु घरात ठेवलेले शस्त्र भरलेले असते, हे त्या घटनेने साऱ्यांना दाखवून दिले. प्रवासाला निघताना शस्त्र कपाटात गेले तरी काडतुसे कुठे आहेत आणि किती आहेत, हे किती परवानाधारक मोजतात?

आता दुसऱ्या बॅगेकडे वळू. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ३ नुसार परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा बाळगणे गुन्हा आहे. शिक्षा कलम २५ च्या (१ब) या पोटकलमात आहे. डिसेंबर २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीपर्यंत ती किमान एक आणि कमाल तीन वर्षे होती. दुरुस्तीने ती किमान दोन आणि कमाल पाच वर्षे झाली. विशेष कारणे नोंदवून न्यायालय किमान शिक्षेच्या खाली जाऊ शकते, पण तो खटल्याच्या शेवटचा भाग झाला. बंदूक आणि काडतूस, शंभर काडतुसे आणि एक काडतूस असा भेद या पोटकलमात नाही. घटनाक्रम ठरलेला असतो. यंत्राच्या पडद्यावर आकृती दिसते, प्रवाशाला बोलावून त्याच्यासमोर बॅग उघडली जाते, काडतूस सापडते, परवाना विचारला जातो, नसल्यास पोलिसांना पाचारण होते. काडतूस न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जाते आणि ते जिवंत असल्याचा अहवाल यायचा तेव्हा येतो. दरम्यान गुन्हा नोंदवलेला असतो. पारपत्राचे नूतनीकरण, परदेशी कामाचा व्हिसा, सरकारी नोकरीची चारित्र्य पडताळणी अशा प्रत्येक ठिकाणी त्या गुन्ह्याची नोंद आडवी येते.

काडतूस बॅगेत येते कसे, याची उत्तरे साधी असतात. बॅग भावाची असते आणि भाऊ लष्करात असतो. बॅग वडिलांची असते आणि वडिलांकडे परवाना होता. वास्तविक परवानाधारकाच्या निधनानंतर शस्त्र आणि काडतुसे जमा करण्याची तरतूद कायद्यात आहे, पण बंदूक जमा करणारे कुटुंब ट्रंकेच्या तळाशी राहिलेल्या दोन काडतुसांचा शोध घेत नाही. निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात. तेव्हाही बंदूक ठाण्यात आणि एखादे काडतूस घरातच, असे होऊ शकते. अर्थात ‘बॅग माझी नव्हती’ हे वाक्य खरा गुन्हेगारही म्हणतो. पोलिसांची अडचण तिथेच आहे, आणि ती खोटी म्हणता येणार नाही.

या अडचणीवर न्यायालयांनी फार पूर्वी उत्तर शोधले. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये सांगितले की, शस्त्र कायद्यातील ताब्याला जाणिवेची जोड हवी. वस्तू प्रत्यक्ष हातात नसेल, पण तिच्यावर नियंत्रण असेल आणि ती असल्याचे ठाऊक असेल, तर तो ताबा होतो. उलट, ठाऊकच नसेल तर वस्तू जवळ असूनही कायद्याच्या अर्थाने ताबा होत नाही. १९९४ मध्ये मुंबई बॉम्बस्फोट खटल्याच्या संदर्भात, संजय दत्त प्रकरणी, घटनापीठाने ‘टाडा’तील ताबा या शब्दाचाही असाच अर्थ लावला. पुढे याच अभिनेत्याला शस्त्र कायद्याखाली दोषी ठरवण्यात आले आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवून शिक्षा सहावरून पाच वर्षांवर आणली, कारण शस्त्र आपल्या घरी आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते. जाणिवेची कसोटी आरोपीला सोडवण्यासाठीच वापरली जाते, हा समज त्यामुळे टिकत नाही. ती दोन्ही बाजूंनी कापते.

विमानतळावरील काडतुसांची प्रकरणे गेल्या दीड दशकात मोठ्या संख्येने उच्च न्यायालयांपुढे आली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ आणि २०१४ मधील निकालांपासून, एखादेच काडतूस, जवळ शस्त्र नाही, जाणीव असल्याचा पुरावा नाही, अशा प्रकरणांत गुन्हे रद्द करण्याचा पायंडा पाडला. मुंबई उच्च न्यायालयानेही असे गुन्हे रद्द केले आहेत. काही निकालांत कलम ४५ च्या (ड) या उपकलमाचा आधार घेण्यात आला. पूरक भागांसह वापरण्याचा हेतू नसलेले दारूगोळ्याचे किरकोळ भाग जवळ असले, तर कायदा लागू नाही, असे ते उपकलम म्हणते. प्रस्तुत लेखकाच्या मते हा आधार लंगडा आहे. गोळी, दारू, पुंगळी आणि टोपी असलेले जिवंत काडतूस हा दारूगोळ्याचा ‘किरकोळ भाग’ नसून तो संपूर्ण दारूगोळाच आहे. रिकामी पुंगळी किंवा तिची किल्ल्यांची साखळी असती, तर ते उपकलम शोभले असते. जाणिवेची कसोटी स्वच्छ आहे. तिच्यावरच उभे राहिलेले बरे. नाहीतर एका काडतुसाला माफी आणि दोनांना शिक्षा, असा विचित्र हिशेब सुरू होतो.

निकाल एवढे स्पष्ट असताना गुन्हे दाखल होतच राहतात आणि प्रत्येक माणसाला नव्याने उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते, ही या विषयातली खरी गाठ आहे. गुन्हा रद्द करण्याचा अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ मध्ये आहे. क्रमांक बदलला, पायरी तीच राहिली. बजाजनगरातल्या माणसाचे भाग्य असे की, उच्च न्यायालयाचे खंडपीठ याच शहरात आहे. पण त्यासाठी काडतूस चिकलठाण्यालाच सापडले पाहिजे! जाताना येथल्या यंत्राच्या नजरेतून निसटलेले काडतूस येताना दिल्लीत सापडले, तर गुन्हा दिल्लीचा, पोलीस दिल्लीचे, न्यायालय दिल्लीचे. महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्या माणसाला दिल्लीच्या चार फेऱ्या आणि वकिलाचे शुल्क, ही शिक्षा न्यायाधीशाने न सुनावता भोगावी लागते. निर्दोष असल्याचे सिद्ध होण्यासाठी जो खर्च येतो, तो ज्याला परवडतो त्याच्यासाठी हे निकाल आहेत. बाकीचे खटला चालवत बसतात, किंवा कुणाच्या तरी सल्ल्याने गुन्हा कबूल करून मोकळे होऊ पाहतात, आणि मग किमान शिक्षेच्या तरतुदीशी त्यांची गाठ पडते.

वास्तविक कायद्याने खाली, जिल्हा पातळीवरच एक चाळणी ठेवलेली आहे. शस्त्र कायद्याच्या कलम ३९ नुसार, कलम ३ च्या भंगाबद्दल कुणावरही खटला भरायचा तर जिल्हादंडाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. संसदेने ही अट उगाच घातलेली नाही. कागदोपत्री गुन्हा होतो, पण खटला भरण्याजोगे काही आहे का, हे एका जबाबदार अधिकाऱ्याने डोके वापरून पाहावे, हा तिचा हेतू. बहिणीची बॅग घेऊन निघालेल्या विद्यार्थिनीचे प्रकरण तिथेच थांबू शकते. पण मंजुरी ही बहुधा शिक्का मारण्याची बाब मानली जाते, आणि ती नाकारल्याचे क्वचितच ऐकू येते.

आपल्या शहरासाठी यात आणखी एक मेख आहे. शस्त्र कायद्याच्या व्याख्येनुसार, जिथे पोलीस आयुक्त नेमलेला आहे तिथे ‘जिल्हादंडाधिकारी’ म्हणजे पोलीस आयुक्तच. वाळूज औद्योगिक परिसर आणि चिकलठाणा विमानतळ ही दोन्ही ठिकाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतात. याचा अर्थ असा की, शस्त्रपरवाना देणारे कार्यालय, काडतूस सापडल्यावर तपास करणारे दल आणि खटल्याला मंजुरी द्यायची की नाही हे ठरवणारा अधिकारी, हे तिन्ही एकाच छताखाली आहेत. ग्रामीण भागात तपास पोलीस अधीक्षकांचा आणि मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची, असे निदान दोन डोळे असतात. शहरात एकच. मुंबई, पुणे, नागपूर, दिल्ली, सगळीकडे हीच रचना आहे आणि मोठे विमानतळ नेमके आयुक्तालयांच्याच हद्दीत असतात. म्हणजे जिथे चाळणीची सर्वाधिक गरज, तिथेच ती सर्वात सैल. या व्याख्येकडे आजवर फारसे कुणाचे लक्ष गेलेले नाही.

यावर सुरक्षेच्या बाजूने जे म्हटले जाते, त्यातही तथ्य आहे. विमानतळ हे ढिलाई करण्याचे ठिकाण नव्हे. २३ जून १९८५ रोजी ‘कनिष्क’ विमान अटलांटिकवर कोसळून ३२९ जण मृत्युमुखी पडले, तो बॉम्ब नोंदवलेल्या सामानातूनच आला होता. ज्या प्रवाशाच्या नावावर ती बॅग होती, तो विमानात चढलाच नव्हता. तेव्हापासून नोंदवलेल्या सामानाकडे पाहण्याची जगाची दृष्टी बदलली. मराठवाड्याला दारूगोळ्याचे गांभीर्य वेगळे सांगण्याची गरज नाही. मे २००६ मध्ये चांदवड-मनमाड मार्गावर दहशतवादविरोधी पथकाने पाठलाग करून पकडलेल्या साठ्यात ३० किलो आरडीएक्स, १० एके-४७ रायफली आणि ३,२०० काडतुसे होती. ‘औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरण’ याच नावाने तो खटला ओळखला गेला आणि २०१६ मध्ये १२ जणांना शिक्षा झाल्या. तो साठा मोटारींतून, रस्त्याने चालला होता, हे मात्र ध्यानात घ्यावे.

काडतुसाचे गांभीर्य आणखी एका कारणाने मानले पाहिजे. गावठी कट्टा खेड्यातल्या भट्टीवर तयार होतो. मध्य प्रदेशच्या सीमेवरील उमर्टीचे नाव जळगाव-पुण्याच्या पोलीस तपासांत वारंवार येते ते याचसाठी. पण काडतूस भट्टीवर होत नाही. पुंगळीचे माप, टोपीतली स्फोटक पूड, दारूचे प्रमाण यासाठी कारखानाच लागतो. आपल्याकडे खडकीचा १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना आहे, भुसावळजवळ वरणगावचा आहे. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झाल्यावर ते ‘म्युनिशन्स इंडिया’ या कंपनीकडे गेले. तेव्हा गुन्हेगाराच्या कट्ट्यात जे काडतूस असते, ते कुठल्या तरी कारखान्यातून, बहुधा कुठल्या तरी अधिकृत साखळीतून गळलेले असते. ही गळती विमानतळावर होत नाही. ती विक्रेत्याच्या वहीत होते आणि परवानाधारकाच्या कपाटात होते. परवान्यावर खरेदीची नोंद होते, वापराची होत नाही. बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४ मधील संतोष देशमुख हत्येनंतर हजारावर शस्त्रपरवान्यांची चर्चा झाली, शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. बंदुका किती, हे सर्वांनी विचारले. त्या बंदुकांसाठी आजवर घेतलेली काडतुसे गेली कुठे, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. विमानतळावर एका काडतुसाचा पंचनामा करणारी व्यवस्था तालुक्याच्या गावी शंभर काडतुसांचा हिशेब मागत नाही, हा विरोधाभास खटकणारा आहे.

इतर देशांनाही या प्रश्नाने चकवले आहे. फिलिपाइन्सची राजधानी मनिला येथील विमानतळावर २०१५ मध्ये ‘तानिम-बाला’ प्रकरण गाजले. सुरक्षा कर्मचारीच बॅगेत गोळी टाकतात आणि पैसे उकळतात, असा आरोप झाला. लोक बॅगा प्लास्टिकमध्ये गुंडाळून विमानतळावर येऊ लागले. त्या देशात गोळी ताईत म्हणून बाळगण्याची रूढी आहे, त्यामुळे खरी विसरलेली गोळी कोणती आणि टाकलेली कोणती, हे ठरवणे अधिकच अवघड झाले. पुढच्या वर्षी सरकार बदलल्यावर गोळी जप्त करून, नोंद घेऊन प्रवाशाला जाऊ देण्याचे धोरण आले. दुसरे उदाहरण अटलांटिक महासागरातल्या टर्क्स आणि कैकोस या ब्रिटिश प्रदेशाचे. तेथे दारूगोळा बाळगल्यास किमान बारा वर्षे कैद अशी तरतूद होती. २०२४ मध्ये बॅगेत शिकारीची गोळी विसरून आलेले काही अमेरिकी पर्यटक तीत सापडले. न्यायालयाने असाधारण परिस्थितीचा आधार घेऊन त्यांना स्थगित शिक्षा आणि दंड केला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये तेथील विधिमंडळाने कायदा बदलून न्यायाधीशांना अधिक मोकळीक दिली. ज्या अमेरिकेतून ते पर्यटक आले होते, तिथे २०२३ या एका वर्षात विमानतळांच्या तपासणी नाक्यांवर प्रवाशांकडे ६,७३७ बंदुका सापडल्या आणि त्यांतील ९३ टक्के भरलेल्या होत्या. तिथल्या माणसाला गोळी विसरणे किती साधे वाटत असेल, याची यावरून कल्पना येते.

आपल्याकडे मूळ कायद्याला हात न लावताही बरेच करता येईल. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक न करता नोटीस देऊन चौकशीला बोलावण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये आहेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात तिचा आग्रह धरला होता. बॅग कुणाची, घरात परवाना कुणाचा, काडतूस त्याच बोअरचे आहे का, या तीन गोष्टी परवान्यांच्या संगणकीय नोंदींवरून तपासायला फार वेळ लागू नये. उत्तरे जुळली, तर मंजुरी का दिली अथवा का नाकारली याची कारणे आयुक्तांनी लेखी नोंदवावीत. काडतूस ज्याच्या परवान्यावरचे निघेल, त्या परवानाधारकाला मात्र बोलावून उरलेल्या काडतुसांचा हिशेब मागावा. आज होते ते नेमके उलट. पुतण्या आरोपी होतो आणि ज्यांच्या निष्काळजीपणाने काडतूस बॅगेत राहिले, त्या काकांचा परवाना पुढील पाच वर्षांसाठी नूतनीकरण होऊन येतो.